ऐकणारे आधी जमवा: नागपुरात घरबसल्या कवितेचा कट्टा चालवायचा तर

११ मार्च २०२० ला नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. त्या आठवड्यातला शनिवार १४ तारखेला होता, गझलकार सुरेश भटांचा स्मृतिदिन. धरमपेठेतल्या एका मैत्रिणीच्या गच्चीवर आमच्या कट्ट्याने गझलेची बैठक ठेवली होती. सतरंज्या झटकून झाल्या होत्या, पोह्यांचं सांगून झालं होतं. शुक्रवारी रात्री निरोप फिरवला की बैठक दोन आठवडे पुढे ढकलतोय. त्या गच्चीवर पुन्हा बसायला आम्हाला जवळपास दोन वर्षं लागली.

मधल्या काळात कट्टा मात्र बंद पडला नाही. आम्ही बऱ्याच गोष्टी चुकत शिकलो, आणि त्या नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून हाताशी असाव्यात म्हणून इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही शिकायला किंवा नोकरीला या शहरात नवे आला असाल, नुकतंच लिहू लागला असाल, किंवा शहराबाहेर वाडीला राहत असाल आणि संध्याकाळी सीताबर्डीपर्यंत येणं जमत नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

साथ सरली तरी घरबसल्या कट्ट्याची गरज नागपुरात सरत नाही, त्याचं एक कारण ऊन आहे. सुरेश भटांचा जन्मदिवस १५ एप्रिल, तुकडोजी महाराजांचा ३० एप्रिल, कवी ग्रेस यांचा १० मे. ज्यांच्या निमित्ताने आपण जमायचं त्यांचे दिवस नेमके पारा चढलेला असताना येतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्या दिवसांत गावभर फिरायला लावू नये. एप्रिल-मेच्या बैठका आम्ही अजूनही फोनवरच घेतो.

पायरी १: ऐकणारे मोजा

कवी जमवणं सोपं आहे. एप्रिल २०२० मध्ये आम्ही ओळखीच्या सगळ्यांना निरोप दिला, आणि पहिल्या ऑनलाइन बैठकीला तेवीस जण आले. तेवीसही जणांना वाचायचं होतं. ज्याची कविता झाली त्याने कॅमेरा बंद केला, आणि थोड्या वेळाने तो निघून गेला. शेवटी एका काकूंची पाळी आली तेव्हा स्क्रीनवर पाच नावं उरली होती. काकूंनी शांतपणे कविता वाचली, "बरं, ठेवते" म्हणाल्या, आणि पुढचे दोन शनिवार आल्या नाहीत. चौथ्या शनिवारी आम्ही नऊ जण होतो.

मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "नुसतं वाचायचं असलं तर मला आरसा बी चालते जी. मी ऐकवायला येत होती."

त्या एका वाक्याने आमचा कट्टा बदलला. तेव्हापासूनचा नियम असा. एका बैठकीत जास्तीत जास्त सहा जण वाचतील, बाकीचे ऐकतील. वाचणाऱ्या प्रत्येकाला एक ऐकणारा नेमून द्यायचा. त्याने वही-पेन घेऊन बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत कवीला फोन करून तीन गोष्टी सांगायच्या: कुठली ओळ लक्षात राहिली, कुठे अर्थ हातातून सुटला, आणि ऐकताना स्वतःचं काय आठवलं. "छान", "सुंदर" आणि हात जोडल्याची चित्रं यांना आम्ही प्रतिसाद मानत नाही. ज्या शनिवारी तुम्ही वाचाल त्याच्या पुढच्या शनिवारी तुम्ही ऐकणारे. ऐकण्याची पाळी चुकवली तर वाचण्याची पाळीही पुढे जाते.

टाळेबंदीत त्या फोनचा आणखी एक उपयोग झाला, जो आम्ही ठरवला नव्हता. एकटं राहणाऱ्या माणसाला रविवारी कोणाचा तरी फोन हमखास येऊ लागला. कवितेवर दहा मिनिटं बोलून झाल्यावर औषधं संपलीत का, जेवण कसं चाललंय, हेही निघायचं.

तुम्ही एखाद्या चालू कट्ट्यात नव्याने जात असाल तर पहिल्या दोन बैठकांत काही वाचू नका. ऐका, आणि ज्याची कविता आवडली त्याला स्वतःहून फोन करा. तिसऱ्या बैठकीत तुमचं नाव यादीत घालायला कोणालाही आनंदच होईल.

पायरी २: वेळ बांधून घ्या

शनिवार, सायंकाळी सात. वार आणि वेळ एकदा ठरली की दोघेच आले तरी बैठक घ्या.

झूमवर फुकटच्या खात्याला चाळीस मिनिटांची मर्यादा आहे. सुरुवातीला ती आम्हाला जाचली, मग आम्ही तीच मोजपट्टी केली. सहा कविता, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे अठरा. प्रत्येक कवितेनंतर दोन मिनिटं बोलणं, म्हणजे बारा. उरलेल्या दहा मिनिटांत कोणीतरी जुन्या कवीची एक कविता वाचायची आणि ती का निवडली ते सांगायचं. सूत्रसंचालकाने फक्त नाव पुकारावं. दोन कवितांच्या मध्ये स्वतःच्या चारोळ्या पेरण्याची आपल्याकडची सवय या चाळीस मिनिटांना परवडत नाही.

पायरी ३: ज्याच्याकडे जो फोन असेल त्यावर या

मार्च २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर एका वेळी चारच जण बोलू शकत होते. एप्रिलच्या अखेरीस ते आठ झाले, मेमध्ये गूगल मीट सगळ्यांसाठी फुकट खुलं झालं. आज यातलं काहीही अवघड नाही. अवघड आहे ते कोणालाही मागे न सोडणं.

आमच्यातल्या एका सेवानिवृत्त गुरुजींकडे बटणांचा फोन होता, आणि तो बदलायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांना साध्या कॉलवर घ्यायचं, फोन स्पीकरवर टाकायचा आणि लॅपटॉपशेजारी ठेवायचा. दोन्हींचा आवाज मध्यम ठेवला आणि मध्ये वीतभर अंतर राखलं की आवाज घुमत नाही. गुरुजींनी वर्षभर असंच वाचलं. ज्यांच्याकडे नेटच धड नाही त्यांनी दोन मिनिटांचा आवाजी निरोप आधी पाठवावा, सूत्रसंचालकाने तो त्यांच्या पाळीला ऐकवावा, आणि ऐकणाऱ्याचा फोन त्यांनाही तसाच जावा.

कॅमेरा सक्तीचा करू नका. एका खोलीत पाच माणसं राहतात अशा घरातूनही लोक वाचतात. आमची एक ताई स्वयंपाकघराचं दार लोटून ओट्याशी उभी राहून वाचायची. तिथे कॅमेरा मागणं तिच्या घरात डोकावण्यासारखं झालं असतं.

पायरी ४: कूलर बंद करा

उन्हाळ्यात नागपुरात फोनवर कविता ऐकवताना सर्वांत मोठी अडचण कूलरची. घरातल्या माणसाचा कान त्या घरघरीला इतका सरावलेला असतो की त्याला ती ऐकूच येत नाही. ऐकणाऱ्याला मात्र आधी पंखा ऐकू येतो, मग पंप, आणि मग कुठेतरी कविता. आपली पाळी येईपर्यंत कूलर चालू ठेवून खोली गार करून घ्या, नाव पुकारलं की बंद करा. तीन मिनिटांत खोली तापत नाही.

फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर प, फ, भ या अक्षरांना हवेचा फटका बसतो. हेडफोनच्या वायरवरचा माइक पदराला किंवा ओढणीला घासला की खरखर होते, तो हाताने धरा. कविता कागदावर असेल तर पानं उलटू नका, शेजारी शेजारी मांडून ठेवा.

तरन्नुममध्ये, म्हणजे सुरात, गझल म्हणणाऱ्यांसाठी एक खास सूचना. या अ‍ॅपमध्ये मागचा गोंगाट दाबण्याची सोय आपोआप चालू असते. तिला माणसाचं बोलणं ओळखता येतं, पण लांबवलेला सूर किंवा खंजिरीचा ठेका ती गोंगाट समजून कापून टाकते. ३० एप्रिलला आमच्या एका दादांनी तुकडोजी महाराजांचं भजन खंजिरीवर म्हटलं तेव्हा आम्हाला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. झूमच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय आहे, गाणाऱ्याने तो आधी चालू करून ठेवायचा. गाणं कोणाबरोबर मिळून म्हणायला जाऊ नका. आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिरामुळे दोन घरांतला ताल कधीच जुळत नाही.

पायरी ५: दाद देणारे दोघे नेमा

ही गोष्ट आम्हाला सर्वांत उशिरा कळली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

गझल समोरासमोर ऐकताना शेराची, म्हणजे दोन ओळींच्या एका कडव्याची, पहिली ओळ झाली की ऐकणारे ती उचलतात, "पुन्हा" म्हणतात. कवी ती ओळ परत म्हणतो, आणि दुसरी ओळ येईपर्यंत सगळ्यांचा श्वास एका जागी थांबतो. शेर तिथे पुरा होतो. कामठीचा एखादा मुशायरा ऐकला असेल तर मी काय म्हणते ते लगेच कळेल. ऑनलाइन बैठकीत गोंगाट नको म्हणून आपण सगळ्यांचे माइक बंद करतो, आणि कवी भिंतीला शेर ऐकवत बसतो. त्याला वाटतं की कोणाला आवडलं नाही, म्हणून तो घाई करतो, आणि घाईने शेर पडतो. चांगले चांगले गझलकार पहिल्या दोन महिन्यांत आमच्याकडे येईनासे झाले ते यामुळे.

सगळे माइक उघडून पाहिले तर तेही जमलं नाही. चार जण एकदम "वाह" म्हणाले की अ‍ॅप एकाचाच आवाज पुढे घेतं आणि कवीचा दाबतं. म्हणून प्रत्येक बैठकीला दोघांचेच माइक उघडे ठेवायचे. ते दाद देणारे. त्यांनी ओळीच्या मध्ये बोलायचं नाही, ओळ संपल्यावर बोलायचं. शेर आवडला तर पहिली ओळ स्वतः म्हणून परत मागायची. आवडला नाही तर गप्प राहायचं. खोटी दाद कवीला लगेच ओळखू येते आणि त्याने तो जास्त दुखावतो. मुक्तछंदातली कविता असेल तर मध्ये काहीच बोलू नये. कविता संपल्यावर मनात पाचपर्यंत मोजावं आणि मग बोलावं. त्या पाच आकड्यांत कविता बसते.

दाद देणाऱ्यांची जोडी दर वेळी बदला. एक जुना, एक नवा असा जोड लावा. आमच्याकडे दहावीतली एक मुलगी गुरुजींबरोबर दाद द्यायला बसली, आणि कुठे थांबायचं हे ती चार शनिवारांत शिकली. तिच्या स्वतःच्या कवितेतला विराम तिथून आला.

पायरी ६: कविता अक्षरांत पाठवा

बैठकीच्या आदल्या दिवशी कविता ग्रुपवर टाका, म्हणजे ऐकणाऱ्याला तयारी करता येते. वहीच्या पानाचा फोटो पाठवला तर वयस्कर माणसांना तो वाचवत नाही. जुन्या संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल फोनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. असं काही जुनं लेखन असेल तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसतील अशा अक्षरांत, बदलून घ्या. बदलल्यावर जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ एकदा डोळ्यांखालून घाला, कारण तिथेच चुका राहतात.

टाइप करणं जड जात असेल तर फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. ओळी मात्र हाताने तोडाव्या लागतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्याने' यांतला अर्धा र अनेकांना सापडत नाही. खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, असं केलं की तो येतो. वऱ्हाडावर लिहायचं असेल तर हे अक्षर येणं भागच आहे.

पायरी ७: मंगळवारी अर्धा तास शिका

शनिवार ऐकण्याचा, मंगळवार शिकण्याचा, अशी वाटणी आम्ही जून २०२० मध्ये केली. दूर बसून कविता शिकवणं नागपूरला नवं नाही. सुरेश भटांनी नव्या लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, आणि कितीतरी जणांच्या गझला पत्रांतून तपासून दिल्या. पोस्टाने जे होऊ शकलं ते फोनवर नक्की होतं.

सुरुवात अष्टाक्षरीपासून करा. एका ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. बोटांवर मोजता येतं.

कूलरच्या पाण्यापाशी
चिमणी ये दुपारची

कू-ल-र-च्या-पा-ण्या-पा-शी, आठ. चि-म-णी-ये-दु-पा-र-ची, आठ. पहिल्या महिन्यात रोज अशा दोन ओळी लिहायच्या, अट एकच: खिडकीतून किंवा घरात जे दिसतं त्यावरच. एकदम 'जीवन', 'प्रेम', 'माणुसकी' यांवर लिहू नका. टाळेबंदीत आम्ही लिहिलं ते रिकाम्या ऑटोवर, दारात वाळत घातलेल्या मास्कवर, दूधवाल्याने दुरून ठेवलेल्या पिशवीवर. ऑगस्टमध्ये मारबतीवर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन जाळतात त्या पुतळ्यावर, लिहिलं. रोगराई घेऊन जा अशी हाळी देत काळी-पिवळी मारबत काढणाऱ्या शहराला त्या वर्षी 'रोगराई' हा शब्द वेगळाच ऐकू येत होता, आणि प्रत्येकाच्या आठ ओळी खऱ्या उतरल्या.

त्यानंतर लघू-गुरू. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याला 'ल' म्हणा. दीर्घ अक्षर गुरू, त्याला 'गा' म्हणा. ऱ्हस्व अक्षरावर पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर तेही गुरू होतं. हे नियम पाठ करण्यापेक्षा कानाला माहीत असलेल्या चालीवर बसवणं सोपं जातं. मनाचे श्लोक मराठी घरांत ऐकून ऐकून पाठ असतात, आणि ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत: लगागा लगागा लगागा लगागा, ओळीत बारा अक्षरं. त्याच चालीवर आपली ओळ म्हणून पाहा.

घरी बैसलेले किती लोक आम्ही

घ-री-बै, स-ले-ले, कि-ती-लो, क-आ-म्ही. चार वेळा लगागा. माइक बंद ठेवून प्रत्येकाने आपापल्या मांडीवर ठेका धरायचा, कारण सगळ्यांनी मिळून म्हटलं तर मघाशी सांगितलेला उशीर आड येतो. ज्याची ओळ अडखळते त्याला स्वतःलाच हातात कळतं, कोणी चूक काढावी लागत नाही.

गझलेकडे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात या. सगळी गझल एका वृत्तात हवी. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळींच्या शेवटी काफिया (यमकाचा शब्द) आणि रदीफ (त्यानंतर जसाच्या तसा परत येणारा शब्द) येतात, पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. प्रत्येक शेर स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. नवे लोक काफिये जमवून त्यांवर शेर रचतात, आणि तो शेर ऐकतानाही जमवलेलाच वाटतो. आधी म्हणायचं काय ते एका साध्या वाक्यात वहीत लिहा. ते वाक्य शेजारच्या माणसाला सांगण्याजोगं असेल तरच त्याचा शेर करा.

पायरी ८: बोली दुरुस्त करू नका

टाळेबंदीत आमच्यातले काही जण आपापल्या गावी गेले, आणि कट्टा अचानक गोंदिया-गडचिरोलीपर्यंत पसरला. तिकडच्या घरांतली माणसंही हळूहळू ऐकायला बसू लागली. मग एका मावशींनी झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीत, वाचलं.

आपण शहरात 'येऊन राहिलो' बोलतो आणि कविता लिहिताना 'येत आहे' लिहितो. नव्या माणसाने 'करून राहिलो' लिहून आणलं तर त्याला सुधारू नका. 'डोळा' हा वऱ्हाडीत 'डोया' होतो, झाडीबोलीत 'डोरा'. प्रमाण मराठीत 'काळा' आणि 'माया' यांचं यमक होत नाही. वऱ्हाडीत 'काया' आणि 'माया' आपोआप जुळतात. बोलीत लिहिणाऱ्याला असे जोड मिळतात जे पुण्या-मुंबईच्या कवीला कधीच सापडणार नाहीत. त्याच्या हातातून ते काढून घेणं हा अन्याय आहे. शब्द कळला नाही तर ऐकणाऱ्याने फोनवर अर्थ विचारावा.

पायरी ९: दुसऱ्याची कविता, दुसऱ्याचं नाव

शेवटच्या दहा मिनिटांत जुन्या कवीची कविता वाचताना नाव आणि संग्रह सांगा. पूर्ण कविता ग्रुपांतून फिरवू नका. भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. केशवसुत, बालकवी, तांबे आता सर्वांसाठी मोकळे आहेत. सुरेश भट आणि ग्रेस नाहीत, त्यांची पुस्तकं विकत घ्या. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले, हे मी त्या वर्षी एका शनिवारी सांगितलं तेव्हा स्क्रीनवरचं कोणी बराच वेळ बोललं नाही.

बैठकीचं चित्रण करायचं असेल तर आधी प्रत्येकाला विचारा. एकानेही नको म्हटलं तर करू नका.

पायरी १०: कोणी गेलं तर

१५ मार्च २०२१ पासून शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये आमच्या ग्रुपवर कवितांच्या जागी खाटा, ऑक्सिजन आणि इंजेक्शनांचे निरोप येऊ लागले. ते यायलाच हवे होते. पण दोन्ही एकाच ठिकाणी आल्याने मदतीचे निरोप वर सरकून हरवत होते, म्हणून आम्ही मदतीचा ग्रुप वेगळा केला. संकटाच्या पहिल्याच दिवशी हे करून टाका, आणि त्यात रक्तगट व घरचा एक नंबर प्रत्येकाकडून आधीच घेऊन ठेवा.

त्या महिन्यात बटणांच्या फोनवरचे आमचे गुरुजी गेले.

शनिवारची बैठक घ्यायची की नाही यावर आमच्यात वाद झाला. शेवटी घेतली. कोणी वाचायचं नाही, फक्त यायचं, असं ठरलं. त्यांच्या पाळीला ऐकवायला त्यांच्या आवाजातला दोन मिनिटांचा एक निरोप शिल्लक होता, तो ऐकवला. दाद द्यायला तीच दहावीतली मुलगी बसली होती. तिने पहिली ओळ परत म्हटली.

हे तुमच्यावर येऊ नये. आलं तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. बातमी घरच्यांकडून आल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका, आणि जवळच्या सदस्यांना आधी फोन करा. त्याच आठवड्यात श्रद्धांजलीच्या कविता लिहायला लोकांना लावू नका. गेलेल्या माणसाचीच कविता वाचा. त्यांचे आवाजी निरोप, ग्रुपवर टाकलेल्या कविता लगेच एका ठिकाणी उतरवून ठेवा, कारण फोन बदलले की ते जातात. आम्ही गुरुजींच्या एकेचाळीस कविता टाइप करून, शिवून, वर्षभराने त्यांच्या घरी नेऊन दिल्या. मोजून पाहिलं तर त्यांतल्या एकोणीस कट्ट्यावरच्या त्या एका वर्षात लिहिलेल्या होत्या.

पायरी ११: पुन्हा भेटाल तेव्हा फोनला जागा ठेवा

मोठ्या संस्थांनाही थांबावं लागलं होतं. मार्च २०२१ ला ठरलेलं नाशिकचं ९४ वं साहित्य संमेलन अखेर डिसेंबर २०२१ मध्ये झालं. आमची गच्ची त्याच्याही थोडी नंतर उघडली. पहिल्या दिवशी सगळे इतके खूश होतो की गोंदियाच्या मावशींना कॉल लावायचाच विसरलो. त्यांनी सव्वासातला स्वतःच लावला. आता गच्चीवर एक खुर्ची फोनची असते. फोन उलट्या डब्यावर छातीच्या उंचीला उभा ठेवतो, वाचणारा त्याच्या शेजारी बसतो, आणि पहिली पाळी नेहमी दूरच्या माणसाची असते. उशिरापर्यंत ठेवली तर गच्चीवरचा चहा येतो आणि फोनकडे कोणाचं लक्ष राहत नाही.

हिवाळ्यात सकाळी ट्रॅफिक पार्कला किंवा सेमिनरी हिल्सला भेटा. मोठ्या कार्यक्रमांसाठी झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघात चौकशी करा. १४ जानेवारी १९२३ ला स्थापन झालेली ही संस्था आहे, तिचं 'युगवाणी' हे नियतकालिक वाचत राहा. जवळच मोर हिंदी भवन आहे, तिथल्या हिंदी कवींनाही ऐका. रेशीमबागेत भटांच्या नावाचं सभागृह आहे. तिथे एखाद्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसा आणि लोक दाद कुठे देतात ते पाहा.

पहिला निरोप

सुरुवात कशी करायची कळत नसेल तर आमचा निरोप घ्या, नावं तुमची घाला:

"नमस्कार. येत्या शनिवारी सायंकाळी ठीक सात वाजता आपण कवितेसाठी फोनवर भेटू. चाळीस मिनिटं. सहा जण वाचतील, त्यांची नावं खाली आहेत. प्रत्येक नावापुढे त्यांची कविता ऐकणाऱ्याचं नाव आहे. ऐकणाऱ्यांनी वही घेऊन बसावं आणि रविवारी फोन करावा. दाद द्यायला या वेळी दोघं आहेत, बाकीच्यांनी माइक बंद ठेवावेत. ज्यांना नेट नाही त्यांनी मला मिस कॉल द्यावा, मी जोडून घेते. कूलर आपल्या पाळीला बंद करावा. नुसतं ऐकायला यायचं असेल तर नाव नोंदवायची गरज नाही, सातला या."